जुन्या मिलिटरी मॉझरला नवीन ट्रिगर बसवावा का, आणि .३१५ चं काय

राजापूरकडच्या एका मित्राचा प्रश्न आहे, थोडक्यात असा. घरात आजोबांच्या काळातली मॉझर ९८ ही जर्मन रायफल आहे, ॲक्शन (बोल्ट-ट्रिगरचा यंत्राचा भाग) जुनी मिलिटरीची, नंतर कोणीतरी वर .२७५ बोअरची, म्हणजे त्या मापाची, स्पोर्टिंग नळी आणि अर्धा दस्ता चढवलेला, आता वारसाने ती यांच्या लायसन्सवर आलीय. ट्रिगर लांबच लांब येतो आणि शेवटी जाम जड होतो, तर बाहेरचा टिम्नी वगैरे कंपनीचा तयार ट्रिगर मागवून बसवता येईल का, घरी स्वतः बसवला तर चालेल का, आणि चुलत्यांकडे .३१५ बोअरची रायफल आहे तिलाही तोच बसेल का.

पटकन सांगायचं तर मॉझरला बसतो आणि नीट बसवला तर छान चालतो. .३१५ ला तो बसत नाही, तिचं दुखणंच वेगळं आहे, त्यावर खाली सविस्तर लिहितो. घरी स्वतः बसवू नका. आणि पैसे घालवायच्या आधी आहे तो ट्रिगर खरंच खराब आहे की नुसता घाण झालाय ते बघा, कारण माझ्याकडे येतात त्यातल्या बऱ्याच रायफली नुसत्या धुऊन पुसून परत जातात.

मी आर्मीत ईएमईला, म्हणजे दुरुस्तीच्या शाखेत, आर्मरर (शस्त्रं दुरुस्त करणारा) होतो, एनसीसीच्या .३०३ पासून एसएलआरपर्यंत सगळं खोलून झालंय, रिटायर झाल्यावर इकडे लायसन्सवाल्या दुकानात दुरुस्तीचं काम बघतो. कोकणात जास्त करून ठासणीच्या नाहीतर काडतुसी बंदुका, शेतीसंरक्षणाच्या लायसन्सवरच्या, रायफल त्यामानाने कमी, पण रायफलवाल्यांचं गाऱ्हाणं ठरलेलं. मालवणचे एक गृहस्थ रायफल टेबलावर ठेवत म्हणाले होते, "ह्यो चाप वडूक दोन माणसा व्हयी."

कायद्याचं आधी उरकून घेऊ. आर्म्स ॲक्ट १९५९ मध्ये शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागसुद्धा येतात. म्हणजे ट्रिगरचं हाउसिंग हा काही मोबाइलचा कव्हर नाही की मागवला ऑनलाइन आणि आला घरी. परदेशातून आणायचा तर इम्पोर्टचं लायसन्स लागतं, कलम १० खाली. इकडे प्रत्येक घरातला कोणीतरी आखातात नाहीतर बोटीवर असतो आणि "भावाला सांगतो, बॅगेत घालून आणेल" हे मी दर महिन्याला ऐकतो, तर तसं बिलकुल करू नका, भावाची नोकरी आणि तुमचं लायसन्स दोन्ही जाईल. लायसन्सवाल्या डीलरला सांगा, त्याच्याकडे जुना स्टॉक असतो किंवा तो रीतसर मार्ग सांगतो, वेळ लागतो. शस्त्राची दुरुस्ती, रूपांतर, टेस्टिंग या सगळ्याला कलम ५ खाली वेगळं लायसन्स असतं, तुमच्या हातातलं लायसन्स ते नव्हे. साफसफाई, तेलपाणी तुम्ही करा, ते मालकाचं कामच आहे, पण पिना ठोकून सिअर (ट्रिगरच्या वरचा अडवणारा दांडा) काढायला लागलात की ते दुरुस्तीत गेलं.

आता मुद्द्याचं. मॉझरचा ट्रिगर लांब आहे तो मुद्दाम तसा ठेवलेला आहे, हे एकदा समजलं की निम्मी तक्रार तिथेच विरते. बोल्ट म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा, त्याच्या मागे कॉकिंग पीस, म्हणजे फायरिंग पिनच्या शेपटाचा तुकडा, असतो, मेनस्प्रिंगच्या जोराने तो पुढे सुटायला बघतो, त्याला खालून सिअर अडवून धरतो. सिअर म्हणजे रिसिव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो ते पोलादी घर) पोटाला एका आडव्या पिनेवर टांगलेला पोलादी दांडा, आणि त्या दांड्यात दुसऱ्या पिनेवर ट्रिगर. आता ट्रिगर काढून हातात घेतलात तर त्याच्या डोक्यावर दोन उंचवटे दिसतील, मागेपुढे, एकमेकांपासून अगदी थोड्या अंतरावर. बोट दाबलं की आधी एक उंचवटा रिसिव्हरच्या तळाला टेकतो आणि सिअर सरासर खाली येतो, हा फर्स्ट पुल, हलका आणि लांब. मग दुसरा उंचवटा टेकतो, लिव्हरचं माप बदलतं, बोटाला एकदम अडल्यासारखं लागतं, आणि तिथून पुढे अगदी थोडं दाबलं की कॉकिंग पीस सुटतो, हा सेकंड पुल.

यातली गंमत अशी की रायफल खांद्यावर आहे, सैनिक पळतोय, पडतोय, चिखल वाळू आत गेलीय, तेव्हा सिअरने कॉकिंग पीसला भरपूर पकडलेलं असतं, सहज सुटणार नाही. नेम धरून फर्स्ट पुल घेतला की पकड थोडीशीच उरते म्हणून शेवटचा टप्पा स्वच्छ सुटतो, आणि मन बदललं, बोट सोडलं, की सिअर परत वर जाऊन पूर्ण पकडतो. इतक्या कमी पार्टमध्ये हे साधणं सोपं नाही, म्हणून मी मिलिटरी ट्रिगरला नावं ठेवणाऱ्यांच्यात नाही. नेमबाजीच्या रेंजवर ज्यांचा हात सिंगल स्टेजला, म्हणजे एकाच टप्प्यात सुटणाऱ्या ट्रिगरला, बसलाय त्यांना हा आवडत नाही ते वेगळं, ती सवयीची गोष्ट आहे. तुम्ही मात्र फर्स्ट पुललाच गोळी सुटेल म्हणून वाट बघत बसता आणि सेकंड पुल आला की हिसका देता, असं तुमच्या वर्णनावरून वाटतंय. रिकामी रायफल, डमी काडतूस घालून, भिंतीकडे तोंड करून थोडे दिवस सराव करा, फर्स्ट पुल घ्यायचा, थांबायचं, मग दाबायचं.

त्याच्याही आधी साफसफाई. कोकणातली रायफल म्हणजे मीठवारा आणि चार महिने ओल, त्यात लोक ती चामड्याच्या कव्हरात घालून कपाटात उभी ठेवतात, चामडं ओल धरून ठेवतं, गंज आतूनच चढतो. आणि दुसरं, खोबरेल. घरात आहे म्हणून सगळीकडे खोबरेल लावायची सवय, पण खोबरेल २४-२५ अंशाखाली गोठायला लागतं, आंबोलीकडचा माणूस डिसेंबरात पहाटे रायफल काढतो आणि म्हणतो सिअर वर येत नाही, अहो कसा येईल, आत पांढरं लोणी जमलंय. शिवाय जुनं झालं की धूळ धरून ते काळं चिकट होतं. तिसरं कारण इलेक्शन, शस्त्र जमा करायचं म्हटलं की ती दोन-तीन महिने कुठल्यातरी खोलीत पडून राहते, परत आल्यावर कोणी खोलून बघत नाही. ताब्यात आल्याच्या दिवशीच तेलपाणी करा.

तर मॉझरचं असं करा. बोल्ट काढा, चेंबर आणि मॅगझिन दोन्ही रिकामं आहे हे डोळ्याने आणि करंगळीने बघा. खालचे दोन गार्ड स्क्रू, बरोबर मापाच्या स्क्रूड्रायव्हरने, म्हणजे खाचेत पूर्ण बसणाऱ्या, नाहीतर खाचा सोलल्या जातात आणि मग तुमच्या रायफलकडे बघूनच कळतं की आधी कोणी हात मारलाय. ॲक्शन दस्त्यातून वर उचला. सिअर ट्रिगर जागेवरच ठेवून रॉकेल आणि जुना टूथब्रश, सिअरची स्प्रिंग बसते त्या भोकात पण रॉकेल सोडा, पुसा, वाळवा, मग पिनांवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. एकच. जास्त तेल खाली दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि तिथलं लाकूड कुजकं मऊ होतं. मग परत जोडून ट्रिगर बघा. निम्म्या वेळा "जाम जड" गायब झालेलं असतं.

एवढं करूनही नको असेल, किंवा दुर्बीण बसवायची असेल, तर नवीन ट्रिगरचा विचार बरोबर आहे. दुर्बिणीचं कारण असं की मॉझरची मूळ सेफ्टी बोल्टच्या शेपटावर पंखासारखी वर उभी राहते, दुर्बीण खाली बसवली की तिला आडवी येते, म्हणून लोक साइड सेफ्टीवाला ट्रिगर घेतात. बोल्टचा दांडा सरळ असेल तर तोही दुर्बिणीला आपटतो, पण तुमचा स्पोर्टिंग केलेला आहे म्हणजे बहुतेक वाकवलेला असणार.

टिम्नी ही अमेरिकन कंपनी, मिलिटरी रायफलींच्या ट्रिगरसाठीच नाव झालेली. मॉझर ९८, स्प्रिंगफील्ड १९०३, एनफील्ड पी-१४ आणि एम-१९१७ यांना त्यांचे ट्रिगर मिळतात. बोल्ड नावाचा पण एक चांगला असायचा. पार्ट घेताना ९८ चाच घ्या, आधीच्या ९३, ९५, ९६ मॉझरचा वेगळा असतो. नुसतं "मॉझरचा" म्हणून घेतलेला पार्ट न बसल्याने परत गेलेला मी पाहिलाय.

बसवायचं काम कसं असतं ते सांगतो, तुम्ही करावं म्हणून नव्हे, तर मिस्त्री नीट करतोय की नाही हे कळावं म्हणून. जुन्या सिअरची आडवी पिन बरोबर जाडीच्या पंचने ठोकून काढायची, सिअर, ट्रिगर, स्प्रिंग सगळं एका पुडीत, वर रायफलचा नंबर लिहून मालकाला परत. हे मूळ पार्ट कधी टाकू नका, मिस्त्रीकडे ठेवू पण नका. नवीन ट्रिगर म्हणजे एक छोटी डबी, तिच्यात सिअर, ट्रिगर, स्प्रिंगा सगळं बसवलेलं. ती त्याच भोकात त्याच पिनेवर लटकते. मग डबीवरचा सेट स्क्रू आवळला की डबी रिसिव्हरच्या पोटाला घट्ट दाबून बसते, वर लॉकनट.

कंपनीच्या कागदावर एवढंच असतं आणि नव्या ॲक्शनवर एवढंच पुरतं. जुन्या मिलिटरी ॲक्शनवर मात्र खरं काम यानंतर सुरू होतं. एक तर पिनेचं भोक ऐंशी-शंभर वर्षं वापरून लांबट झालेलं असतं, डबी डुलते, सेट स्क्रूने डुलणं थांबतं पण थांबलंय की नाही ते बोटाने हलवून बघायलाच लागतं. दुसरं, या ॲक्शन किती देशांत आणि किती कारखान्यांत झाल्या त्याला गणती नाही, युद्धाच्या शेवटच्या वर्षांतल्यांचं मशिनिंग खडबडीत असतं, रिसिव्हरचा तळ सपाट नसतो. तिसरं, बोल्टमधला कॉकिंग पीस मूळचा तोच आहे की बदललेला, त्याची खालची धार झिजलेली आहे का. नवीन सिअर कॉकिंग पीसला जिथे पकडतो ती जागा जुन्या सिअरपेक्षा किंचित पुढे किंवा मागे पडते, आणि या किंचितवर सगळी सेफ्टी अवलंबून असते.

मूळ पंखवाली सेफ्टी ठेवणार असाल तर हा भाग नीट वाचा. ही सेफ्टी नुसती ट्रिगर अडवत नाही. पंख फिरवला की त्याचा आतला दांडा कॉकिंग पीसला केसभर मागे ओढून धरतो, म्हणजे सिअरवरचा भार पूर्ण निघतो आणि कॉकिंग पीस सेफ्टीवर टेकतो. पंख डावीकडे म्हणजे फायर, सरळ वर म्हणजे सेफ पण बोल्ट उघडतो, उजवीकडे म्हणजे सेफ आणि बोल्टही बंद. आता नवीन ट्रिगरने कॉकिंग पीस थोडा पुढे धरला तर पंख फिरतच नाही, दांडा अडतो. हे बरं, निदान कळतं तरी. अशा वेळी सेफ्टीच्या दांड्याची कड ऑइल स्टोनने थोडी थोडी घासायची, दोन घास मारायचे, जोडून बघायचं, परत दोन, कंटाळवाणं काम आहे. घासायची ती सेफ्टी, कॉकिंग पीस नाही, कारण सेफ्टी बिघडली तर दुसरी मिळते.

उलट झालं, कॉकिंग पीस थोडा मागे धरला गेला, तर पंख लोण्यासारखा फिरतो आणि मालक खूश होतो. हीच खरी भीती. पंख फिरलाय पण त्याने कॉकिंग पीस उचललेलाच नाही, भार अजून सिअरवर. सेफ्टी लावलेली असताना कोणी ट्रिगर दाबला तर सिअर खाली जातो, कॉकिंग पीस जरासा पुढे येऊन सेफ्टीवर अडतो, सिअरला परत वर यायला जागाच राहत नाही. काही झालं नाही असं वाटतं. मग कधीतरी डोंगरात सेफ्टी काढली की ट्रिगरला हात न लावता गोळी जाते.

म्हणून टेस्ट अशी, रिकाम्या रायफलवर, डमी घालून. कॉक करा, सेफ्टी लावा, ट्रिगर जोरात दाबा आणि सोडा, मग बोट गार्डच्या बाहेर ठेवून सेफ्टी काढा. कॉकिंग पीस जागचा हलता कामा नये. हे पुन्हा पुन्हा. मग ट्रिगर दाबून सुटतो ना ते बघा. मग बोल्ट जोरात आपटून बंद करा, कॉक राहतो का. मग दस्त्याचा मागचा भाग रबराच्या चटईवर आपटा, आणि नळीवर, बाजूने रबरी हातोडीने ठोका. यातल्या एकाही ठिकाणी सुटला तर तो ट्रिगर मालकाच्या हातात जात नाही, मग मालक कितीही घाईत असो. मिस्त्रीला सांगा, हे सगळं माझ्यासमोर करून दाखव. जो टाळाटाळ करेल त्याच्याकडून रायफल परत घ्या.

साइड सेफ्टीवाला घेतलात तर पंखाचा प्रश्न मिटतो, पण ती सेफ्टी बहुतेक करून फक्त ट्रिगर किंवा सिअर अडवते, कॉकिंग पीसला मागे धरून ठेवत नाही. त्यामुळे माझं मत विचाराल तर दुर्बीण नसेल तर मूळ पंखच ठेवा. दुसरं म्हणजे साइड सेफ्टीला दस्त्याच्या उजव्या बाजूला खाच घ्यावी लागते, जुन्या चांगल्या लाकडात पटाशी घालायची म्हटलं की माझा हात अजून थबकतो.

वजन किती ठेवायचं. हे ट्रिगर बहुतेक तीन पौंडांच्या आसपास, म्हणजे साधारण १.३५ किलोवर सेट होऊन येतात. स्क्रू फिरवून अजून हलका होतो म्हणून लोकांना मोह होतो. करू नका. रेंजवर बाकावर टेकून मारणाऱ्याला दोन पौंड ठीक असेल, पण आपल्याकडे घामट हात, ओलं बोट, पायाखाली शेवाळलेला चिरा, तिथे साडेतीन-चार पौंड हवाच. हलका आणि चांगला यात फरक आहे. चांगला ट्रिगर म्हणजे सरपटत न येता एका जागी स्वच्छ सुटणारा, मग तो चार पौंडाचा असला तरी बोटाला हलका वाटतो. एंगेजमेंटचा स्क्रू, ज्याने सिअर किती पकडणार ते ठरतं, त्यावर कंपनी सील लावून देते, ते सील फुटलेलं दिसलं तर आधी कोणी फिरवला ते विचारा.

आणि इथे एक गोष्ट जीव तोडून सांगतो, नवीन ट्रिगर परवडत नाही म्हणून जुना सिअर आणि कॉकिंग पीस कानशीने घासून हलका करून देणारे लोक आहेत. या पार्टचं पोलाद फक्त वरून कडक केलेलं असतं, आतून मऊ. वरचा कडक थर कागदाएवढा. तो घासून काढला की पहिले काही महिने ट्रिगर एकदम सुंदर, मग मऊ पोलाद दबायला लागतं, कोन बदलतो, आणि एक दिवस बोल्ट बंद करतानाच सुटतो. अशी एक रायफल माझ्या टेबलावर आली होती, कॉकिंग पीसची धार नखाने जाणवेल एवढी गोल झालेली. पॉलिश म्हणजे कोन न बदलता फक्त खरखर काढणं, तेसुद्धा बारीक स्टोनने, आणि ज्याला कोन धरता येतो त्यानेच.

आता लाकूड. हे पुस्तकात चार ओळीत असतं पण कोकणात निम्मं काम तेच आहे. नवीन डबी जुन्या ट्रिगरपेक्षा रुंद असते म्हणून दस्त्यात आतून थोडं कोरावं लागतं, कधी ट्रिगर गार्डच्या पत्र्यातली खाचही रुंद करावी लागते. दिव्याची काजळी डबीला लावायची, ॲक्शन दस्त्यात बसवून स्क्रू आवळायचे, काढून बघायचं, जिथे काळं लागलं तिथे लाकूड अडतंय, तेवढंच पटाशीने उडवायचं. नागपूर-पुण्यात डबीभोवती जेमतेम जागा ठेवली तर चालून जातं, इकडे नाही. मे महिन्यात कोरलेला दस्ता जुलैत फुगतो आणि लाकूड डबीला, नाहीतर ट्रिगरच्या पात्याला बाजूने दाबतं, मग ट्रिगर दाबल्यावर परतच येत नाही किंवा अर्धाच येतो. अर्धा परत आलेला ट्रिगर म्हणजे अर्धी पकड, ते किती वाईट ते वर सांगितलंच. मी चारी बाजूंनी निदान एक मिलिमीटर हवा ठेवतो. आणि कोरल्यावर आतलं उघडं लाकूड तसंच सोडत नाही, बाहेरून दस्ता आरशासारखा पॉलिश केलेला आणि आतून कोरा, तो आतूनच पाणी पितो. पातळ वॉर्निशचे दोन-तीन हात आतल्या खाचेला द्यायचे, प्रत्येक हात पूर्ण वाळवून. पावसाळ्यात हे काम करायला घेऊच नका, ओलं लाकूड आत बंद होतं. दिवाळीनंतर आणा.

चुलत्यांची .३१५. ही रायफल आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारी, ईशापूरच्या कारखान्याची, आतून सरळ सरळ ब्रिटिश मिलिटरीची जुनी ली-एनफील्ड, म्हणजे .३०३ नंबर वन मार्क थ्रीचीच ॲक्शन. .३०३ हे मिलिटरीचं काडतूस, साध्या लायसन्सवर मिळत नाही, म्हणून याच ॲक्शनवर हा बोअर देतात. दिसायला स्पोर्टिंग, पण ट्रिगर शंभर टक्के मिलिटरीचा, दोन स्टेजचा. हिला मॉझरचा ट्रिगर बसणार नाही, कारण मॉझरचं सगळं रिसिव्हरच्या पोटाला लटकतं तर हिच्यात सिअर रिसिव्हरला आणि ट्रिगर खालच्या गार्डला. दोन पार्ट, दोन वेगळ्या ठिकाणी, आणि मधे लाकूड. उचलून बसवायची डबी हिला जमायची कशी.

सिअर हा काटकोनी तुकडा, त्याला ढकलणारी स्प्रिंग दुहेरी काम करते, एक पाय सिअरला आणि दुसरा मॅगझिनच्या खटक्याला. त्यामुळे मॅगझिन नीट अडकत नाही आणि ट्रिगर पण विचित्र लागतो अशी जोड तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी ती स्प्रिंग बघतो, गंजून एक पाय बसलेला असतो.

पण मुख्य दुखणं लाकडाचं. ट्रिगर गार्डवर, गार्ड दस्त्याच्या लाकडावर दाबून बसलेला, म्हणजे लाकूड हललं की ट्रिगर आणि सिअरमधलं अंतर हललं. लाकूड फुगलं की गार्ड खाली सरकतो, ट्रिगर खुळखुळतो, फर्स्ट पुल उशिरा लागतो. लाकूड आकसलं किंवा तेल पिऊन मऊ झालं आणि वरून कोणी स्क्रू ताकदीने आवळला की गार्ड वर चढतो, ट्रिगर आधीच सिअरला टेकून बसतो आणि फर्स्ट पुल नाहीसा होतो. मालक म्हणतो वा, हलका झाला. हलका नाही झाला, सिअर अर्धा उतरलेला आहे. इंग्रजांना हे सगळं माहीत होतं, म्हणून १९४९ साली ली-एनफील्डचंच पुढचं मॉडेल नंबर फोर मार्क टू काढताना ट्रिगर गार्डवरून उचलून थेट ॲक्शनवर टांगला. नंबर वनला ते नशीब नाही, .३१५ लाही नाही.

याला इलाज म्हणून पुढच्या गार्ड स्क्रूभोवती एक छोटी पोलादी कॉलर असते, लाकडात बसलेली, तिच्यामुळे गार्ड ठराविक मापाच्या वर येऊ शकत नाही. रायफल खोलताना ती टपकन खाली पडते, कोणाला कळत नाही ती कशाची, आणि जोडताना टेबलावरच राहते. .३१५ चा ट्रिगर बदललाय म्हणून कोणी आलं की माझा पहिला प्रश्न असतो, आधी कोणी खोलली होती का, आणि दुसरा, कॉलर आहे का. कॉलर परत घातली, मऊ झालेलं लाकूड काढून तिथे सागाचा तुकडा चिकटवून बसवला, आतून सील केलं, की ट्रिगर मूळ मापावर येतो.

मूळ माप म्हणजे फर्स्ट पुल तीन ते चार पौंड आणि सेकंड पुल पाच ते सहा. आर्मीत आम्ही नळी सरळ वर उभी धरून ट्रिगरला आकड्याने वजनं लावून बघायचो, पाच पौंडाला सुटता कामा नये, सहाला सुटायलाच हवा. पाच-सहा पौंड ऐकायला जास्त वाटतं, पण त्यातला फर्स्ट पुल बोटाने आधीच घेतलेला असतो, उरतं ते थोडंच, सरावाने हात बसतो. यापेक्षा हलका करून द्या म्हणणाऱ्याला मी नाही म्हणतो, कारण या ॲक्शनमध्ये ते करायचं म्हणजे कॉकिंग पीसच्या खाचेला स्टोन लावायचा, आणि त्याबद्दल वर लिहिलंय.

तर तुमची मॉझर आणि चुलत्यांची .३१५, दोन्ही आधी रॉकेलने धुऊन, पुसून, बारीक तेल लावून बघा. पावसाळाभर लाकडाला हात लावू नका, फक्त .३१५ चा फर्स्ट पुल आत्ता कसा लागतोय आणि डिसेंबरात कसा लागतो ते लक्षात ठेवा, फरक पडला तर कॉलर आणि लाकूड, नाही पडला तर स्प्रिंग. दुकानात आणताना बोल्ट काढून वेगळा, काडतुसं घरी, आणि लायसन्सची मूळ प्रत बरोबर, झेरॉक्सवर कोणी रजिस्टरला एंट्री करून घेणार नाही. मॉझरबरोबर जुनी कॉकिंग पीस किंवा सेफ्टी आजोबांच्या पेटीत कुठे सुटी पडलेली असेल तर तीही आणा, जुन्या घरात असं काही ना काही निघतं आणि तेव्हा ते फार कामाला येतं.